मोलाचे शेवटी, अवजड आधी

‘शिर सलामत तर पगडी पचास’ आणि ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’ या दोन्ही म्हणी एकच शिकवण देतात: जे सगळ्यात मोलाचे, ते सगळ्यात आधी. एरवी ही शिकवण चालून जाते. कृष्णा-वारणेच्या काठी जुलै-ऑगस्टमध्ये ती जशीच्या तशी वापरली, तर मात्र माणूस अडकतो. पाणी वाढू लागल्याची बातमी आली की पहिला हात जातो तो कपाटाकडे. दागिने, कागद, देव्हाऱ्यातले टाक. या गोष्टी मोलाच्या आहेत यात वाद नाही. पण त्या एका पिशवीत मावतात आणि पाच मिनिटांत उचलता येतात. गाभण म्हैस पाच मिनिटांत हलत नाही, अंथरुणाला खिळलेली आजी हलत नाही, आणि तळमजल्यावरच्या दुकानातला माल तर चार माणसे रात्रभर राबली तरी संपत नाही. म्हणून पुराच्या वेळचा क्रम मोलावर लावू नये, वेळेवर लावावा. ज्याला हलवायला जास्त वेळ लागतो आणि ज्याची वाट लवकर बंद होते, ते आधी. मोलाचे पण हलके, ते शेवटी, निघताना अंगावर.

हा क्रम नवा नाही. नदीकाठचा शेतकरी तो दर पावसाळ्यात पाळतो. कृष्णेला पहिले पाणी चढू लागले की वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत सगळे धावतात ते काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायला. मोटार ही घरातली सर्वात मौल्यवान वस्तू असते म्हणून नव्हे, तर ती सर्वात खाली असते, तिच्यापर्यंत पाणी सर्वात आधी पोचते आणि ती काढायला माणसे, दोर, ट्रॅक्टर लागतात म्हणून. (मोटार काढताना आधी वीज तोडली आहे ना, हे पाहावे. आणि पाणी वेगाने चढत असेल तर ती सोडून द्यावी. मोटार दुसरी येते.) शेतातली ही समज घराच्या उंबऱ्यावर येताच का नाहीशी होते, हे एक कोडेच आहे. बहुधा घर आपल्याला नदीपासून दूर वाटते म्हणून.

आपल्याकडे किती वेळ असतो हे नीट समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. महाबळेश्वरात 2021 च्या जुलैमध्ये 22 आणि 23 तारखेच्या दरम्यान 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी सर्वात वर गेले ते 25 जुलैच्या सुमारास, आणि ते सुमारे 55 फुटांवर पोचले. म्हणजे डोंगरावरचा पाऊस आणि शहरातला पूर यांत दोनेक दिवसांचे अंतर होते. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत मिसळते, मग ताकारी, भिलवडी, डिग्रज करत सांगलीकडे येते. ब्रह्मनाळला येरळा मिळते आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा. वारणा आणि तिच्याही खाली नरसोबाच्या वाडीला मिळणारी पंचगंगा दोन्ही भरून वाहत असल्या की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. त्यामुळे सांगलीचा पूर डोंगरी ओढ्यासारखा अंगावर कोसळत नाही. तो चढतो, थांबतो, पुन्हा चढतो आणि उतरायला दिवसचे दिवस घेतो. या संथपणामुळे वेळ मिळतो, पण माणूस गाफीलही राहतो. आयर्विनवर पाणी बघायला जायची, कृष्णामाईची ओटी भरायची जुनी रीत आहे; ती चुकीची नाही, पण पाणी बघून परत येताना घरी कोणते काम सुरू करायचे हे ठरलेले असावे.

आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण त्यांचा अर्थ घराघरागणिक वेगळा आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता, मगरमच्छ कॉलनी अशा सखल भागांत इशाऱ्याच्या आसपासच पाणी दारात असते. गावभागातल्या उंच जोत्याच्या वाड्याला त्याच आकड्याला काही होत नाही. म्हणून प्रत्येक घराने तीन आकडे आपले आपण काढून भिंतीवर लिहावेत: आयर्विनला किती फूट झाले की आपला बाहेर पडायचा रस्ता बंद होतो, किती झाले की गल्लीत पाणी येते आणि किती झाले की उंबऱ्याला लागते. जुन्या शेजाऱ्यांना 2005, 2019 आणि 2021 चे विचारले तर हे आकडे सहज मिळतात. यांतला पहिला आकडा सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी काढून ठेवत नाही. घर कोरडे असते, रस्ता मात्र गेलेला असतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला येणारे बहुतेक रस्ते पाण्याखाली गेले होते आणि पुणे-बेंगळुरू महामार्गही कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. त्या दिवसांत दोन मजली घर असणाऱ्यांनाही दूध, औषध आणि पिण्याचे पाणी होडीतूनच मिळत होते.

येथे हमखास ऐकू येणारे उत्तर असे: ‘आमच्याकडे 2005 ला पाणी आलं नव्हतं.’ 2005 च्या महापुरात आयर्विनला पाणी 53 फुटांच्या वर गेले होते आणि पुढची 14 वर्षे तीच रेघ लोकांच्या डोक्यात पक्की बसली. अनेकांनी सामान त्या रेघेच्या वीतभर वर ठेवले आणि निर्धास्त झाले. 2019 ला पाणी 57 फुटांच्याही पुढे गेले. जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तके त्या पुरात भिजून गेली, दुकाने माळ्यापर्यंत बुडाली. मागचा सर्वात मोठा पूर ही नदीची मर्यादा नसते, ती फक्त आपल्या आठवणीची मर्यादा असते. हलवाहलव करताना 2019 च्या खुणेपेक्षाही बरेच वर, आणि शक्य असेल तर वर न ठेवता गावाबाहेर, असा विचार करावा. माळ्यावर ठेवलेल्या वस्तूला पाणी आल्यावर दुसरी संधी नसते.

आता क्रमाकडे. सर्वात आधी जनावरे. यावर लगेच आक्षेप येईल की माणसांच्या आधी जनावरे कशी? माणसाचा जीव मोठा आहे, हे कुणी नाकारत नाही. प्रश्न असा आहे की माणूस घर का सोडत नाही. काठच्या गावांत याचे सर्वात मोठे कारण गोठा हे असते. दावणीला दोन म्हशी आणि एक गाय असताना कुटुंब छावणीत जाऊन बसत नाही. निदान घरचा कर्ता तरी मागे राहतो, आणि तो राहिला म्हणून आणखी कुणी राहते. जनावरे आधी गेली की माणसांचा पाय मोकळा होतो. दुसरे असे की जनावर होडीत चढत नाही, त्याला रस्ताच लागतो. म्हणजे त्याची वाट माणसाच्या वाटेच्या आधी बंद होते. चारा, पाण्याची टाकी, दुभत्या जनावरांचे दूध घालायची सोय हे सगळे लावायला एक दिवस जातो. म्हणून भिंतीवर लिहिलेल्या पहिल्या आकड्याच्या बरेच आधी, आयर्विनला पाणी वाढते आहे आणि वर धरणांचे दरवाजे उचलले आहेत असे दोन्ही एकाच दिवशी कळले, की गोठा रिकामा करायला घ्यावा. कुठे न्यायचे हे मे महिन्यातच ठरलेले असावे: तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूरकडच्या पाहुण्यांचे रान, नात्यातली वस्ती. (सांगली जिल्ह्याची गंमत अशी की एका टोकाला माणूस पुरातून पळतो आणि त्याच दिवशी जत-आटपाडीत टँकरची वाट बघितली जाते.) जनावरांच्या कानातले बिल्ले नीट दिसतील असे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावेत, जनावर दगावले तर मदतीच्या पंचनाम्यात त्यांचा उपयोग होतो. आणि सगळे चुकून वेळ हातची गेलीच, तर दावे कापून जनावर मोकळे सोडावे. पोहणारे जनावर वाचू शकते, बांधलेले वाचत नाही.

जनावरांच्या बरोबरीनेच ती माणसे, ज्यांना स्वतःहून चालता येत नाही किंवा ज्यांची दवाखान्याची गरज मध्येच थांबवता येत नाही. डायलिसिसचा रुग्ण, दिवस भरत आलेली बाई, ऑक्सिजनवरचे आजोबा, लहान बाळ. यांना ‘बघू उद्या’ म्हणून ठेवता येत नाही, कारण उद्या त्यांना खांद्यावरून किंवा होडीतून न्यावे लागते आणि त्यात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला होडी उलटली तेव्हा ती क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती आणि डझनाहून अधिक माणसे गेली; त्यांत बायका आणि मुले होती. त्या दुर्घटनेवरून होडीवाल्याला किंवा प्रशासनाला दोष देणे सोपे आहे. वाचकाच्या हातात जे आहे ते निराळे: होडी हे पुरातले शेवटचे साधन असून ते फक्त शेवटच्या थोड्या माणसांसाठी उरले पाहिजे. सगळे गाव शेवटच्या दिवशी होडीच्या रांगेत उभे राहिले तर कोणतीही यंत्रणा पुरी पडणार नाही. आधी निघणारा माणूस स्वतःबरोबर मागच्याचीही जागा मोकळी करतो.

यानंतर धंद्याचा माल आणि धान्य. येथे नुकसान सर्वात मोठे होते आणि निर्णय सर्वात उशिरा घेतला जातो, कारण दुकान बंद करणे म्हणजे गिऱ्हाईक घालवणे. हरिपूरच्या हळदीच्या पेवांचे उदाहरण पाहावे. जमिनीखालच्या या बळदांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे; सांगलीच्या हळदपेठेचा तो अभिमान होता. 2005 च्या पुराचे पाणी पेवांत शिरले आणि माल कुजून गेला. पेव हे रोजच्या धोक्यांपासून, म्हणजे किडीपासून आणि उन्हापासून, उत्तम राखण करते. पण ते रिकामे करायला खूप वेळ लागतो आणि ते सर्वात खाली असते. ज्या साठवणुकीतून माल बाहेर काढायला दोन दिवस लागतात, तिच्याबद्दलचा निर्णय पाणी चढायच्या चार दिवस आधी व्हायला हवा. जे व्यापारी तळमजल्यावर किंवा तळघरात माल ठेवतात, त्यांनी जुलै-ऑगस्टपुरता साठा कमी ठेवणे, हमालांशी आणि टेम्पोवाल्याशी आधी बोलून ठेवणे आणि विम्याच्या कागदात पुराचा समावेश आहे का ते वाचणे, ही तीन कामे जूनमध्येच उरकावीत. ऐन पुरात टेम्पोचे भाडे तिप्पट होते आणि तरीही टेम्पो मिळत नाही.

घरच्या सामानात मोठ्या वस्तूंचा मोह सोडावा. फ्रीज, सोफा, दिवाण उचलण्यात घरचे दोन धट्टेकट्टे हात दिवसभर गुंतून पडतात आणि शेवटी त्या वस्तू भिजतातच. गाद्या, धान्याची पोती, शिलाई मशीन, मुलांची दप्तरे, औजारे, ज्यांवर पोट चालते अशी साधने, यांना आधी हात लावावा. शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी मशीन हे टीव्हीच्या आधीच असते. हे सांगायची गरज पडू नये, पण पुराच्या फोटोंत डोक्यावर टीव्ही घेतलेली माणसे दर वेळी दिसतात.

आणि मग ती पिशवी. कागदांबाबत थोडा शांत विचार केला तर भीती बरीच कमी होते. सातबारा ऑनलाइन मिळतो, आधार पुन्हा काढता येते, खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, शाळेचा दाखला दुबार निघतो. यांत खेटे आणि मनस्ताप आहे, पण कायमची हानी नाही. सगळ्या कागदांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर आणि परगावी राहणाऱ्या एका नातेवाइकाकडे पाठवून ठेवले की मूळ कागद भिजले तरी दावा थांबत नाही. ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही अशा गोष्टी फार थोड्या असतात: जुने फोटो, आजीच्या हातची वही, कुलदेवतेचे टाक. पिशवीत त्यांना कागदांइतकीच जागा द्यावी. बाकी रोजची औषधे आठवड्याभराची, चष्मा, चार्जर, थोडी रोकड, बॅटरी. ही पिशवी जूनपासून दाराशी तयार असावी. तयार असली की ती सर्वात शेवटी उचलता येते. तयार नसली की तीच सर्वात आधी वेळ खाते.

‘दर वेळी हलवायचं आणि पाणी आलंच नाही तर?’ हा आक्षेप खरा आहे. भाडे जाते, जनावरांचे दूध आटते, शेजारी हसतात, आणि दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा कुणी हलत नाही. याचे उत्तर ‘जिवापुढे पैसा काय’ असे उपदेशाचे देऊन भागत नाही. ज्याचे हातावर पोट आहे त्याला पाचशे रुपयेही जड जातात. उत्तर क्रमातच आहे. सगळे घर दर वेळी हलवायचे नाही. पहिल्या टप्प्यात फक्त गोठा आणि आजारी माणसे, दुसऱ्यात माल, तिसऱ्यात आपण आणि पिशवी. पाणी पहिल्या टप्प्यावरच थांबले तर खर्चही तेवढ्यावरच थांबतो. तोही आळीने मिळून एक ट्रक ठरवला, एकाच रानात सगळ्यांची जनावरे बांधली आणि राखणीच्या पाळ्या लावल्या तर आणखी कमी होतो.

चोरीची भीतीही खोटी नाही, आणि तिच्यापायी माणसे मागे राहतात. सोने निघताना कमरेला जाते. बँकेच्या लॉकरवर विसंबणाऱ्यांनी तो लॉकर तळमजल्यावर आहे की वर, हे बँकेत जाऊन पाहावे. घराची राखण एकट्या माणसाने पाण्यात राहून करू नये. गल्लीतले तरुण आणि पोलीस यांनी मिळून होडीने गस्त घालणे हाच त्यावरचा उपाय, आणि त्याची मागणी पूर येण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या बैठकीत करायची असते.

‘सरकार सांगेल तेव्हा निघू’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की प्रशासनाचा आदेश साऱ्या भागासाठी मिळून एकच असतो. त्यात तुमच्या घरी चालता न येणारे कोण आहे आणि गोठ्यात किती जनावरे आहेत, हे धरलेले नसते. तो आदेश म्हणजे शेवटची वेळ. ज्यांच्याकडे अवजड काही नाही, त्यांनी तोवर थांबले तर चालते.

हे सारे सखल भागाबद्दल झाले. पाटण, जावळी, वाई, महाबळेश्वरच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांना यातले जवळजवळ काहीच लागू पडत नाही, आणि हे स्वतंत्रपणे सांगायला हवे. त्याच 2021 च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरड कोसळली. आंबेघरला ती रात्री आली. सांगलीला दोन दिवस मिळाले, आंबेघरला मिनिटेही मिळाली नाहीत. जेथे वेळ शून्य आहे तेथे क्रम लावायला जागाच उरत नाही: फक्त माणसे, आणि तीही दरडीच्या आधी, दिवसाउजेडी. मुसळधार पावसात जमिनीला नव्या भेगा, झाडे किंवा विजेचे खांब कललेले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ किंवा बंद, दारे चौकटीत अडकू लागलेली, यांतले काहीही दिसले तर त्या रात्री त्या घरात झोपू नये. शाळा, मंदिर, उतारापासून दूर असलेली एखादी वस्ती, जिथे जमीन सपाट आहे तिथे जावे. दावी सोडून द्यावीत आणि निघावे. येथे जनावरांसाठी थांबू नये. सखल भागातला सल्ला येथे नेमका उलटा होतो, कारण वेळेचे गणितच उलटे आहे.

पाणी ओसरल्यावरही घाई मोलाकडेच धावते: घर धुऊन काढावे, पंखा लावावा, चूल पेटवावी. पण चिखल काढण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे आणि खराब मालाचे फोटो काढावेत आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात आपले नाव आहे ना ते पाहावे; धुतलेल्या घराचा पुरावा राहत नाही. पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच घ्यावे. चिखलात अनवाणी उतरू नये, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोस्पायरोसिसची भीती असते आणि त्यावरचे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. भिजलेले धान्य वाळवून खाऊ नये. चिकटलेले कागद ओढून सुटे करू नयेत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मध्ये कोरे कागद घालून सावकाश वाळू द्यावेत. फोटो असतील तर आधी स्वच्छ पाण्यात हलके विसळावेत. कपाटामागे आणि अंथरुणांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे, साप असतात. मेन स्विच मात्र वायरमनने तपासल्याशिवाय लावायचा नाही, शेजाऱ्याकडे दिवे लागले तरी नाही.